नवे ब्रेक पॅड टाकल्यावर येणारा आवाज : कारण कसे शोधावे?

उंद्रीसारख्या रस्त्याकाठच्या गावात गॅरेज चालविणाऱ्या कारागिरांना एक अनुभव हमखास येतो. गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड संपलेले असतात, नवे टाकून दिले जातात, हिशेब चुकता होतो आणि दोन दिवसांनी तेच गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून परत दारात उभे राहते. "मिस्त्री, जुने पॅड होते तोवर गाडी गप होती. आता ब्रेक मारला की ओरडते." मिस्त्री म्हणतो, "नवीन आहेत, चालवा, बसतील." कधी ते खरोखर बसतात, कधी बसत नाहीत. बसणारा आवाज कोणता आणि जीव घेणारा कोणता, हे सांगता आले नाही तर दोन गोष्टी पणाला लागतात. एक गाडीत बसलेल्यांचे प्राण आणि दुसरी कारागिराची वर्षानुवर्षे कमावलेली पत. चिखली-खामगाव रस्त्यावर एका गॅरेजवरचे गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजवर जायला फार वेळ लागत नाही. म्हणून हा विषय आम्ही आज थोडा विस्ताराने मांडत आहोत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी की हा आवाज काही आजचा नाही. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. त्यांनी डिस्कवर दाबण्यासाठी तांब्याचा अस्तर वापरला आणि तो इतका किंचाळत असे की लोकांना ते सहन होईना. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचा अस्तर लावून तो आवाज पुष्कळ कमी केला. म्हणजे डिस्क ब्रेक आणि त्याचा आवाज ही जुळी भावंडेच आहेत. आपल्याकडे ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात चाकांना ड्रम आणि लायनर असत, त्यामुळे आपल्या जुन्या उस्तादांचा हात ड्रमवर बसला. नंतर लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर डिस्क सर्रास आल्या. ड्रम झाकलेला असतो, आतला आवाज आत राहतो. डिस्क उघडी असते, तिची कुरकुर थेट चालकाच्या कानात जाते.

गाडी परत आली की पहिले काम पाना उचलण्याचे नव्हे. पहिले काम ब्रेकचा पायडल दाबून पाहण्याचे आहे. पायडल कडक लागतो की खाली जातो? ब्रेक ऑईलच्या बाटलीतली पातळी कुठे आहे? पायडल खाली जात असेल, किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आवाजाची चर्चा नंतर. ती गाडी ट्रायलला रस्त्यावर काढायचीच नाही, जागेवरच चाक खोलायचे. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो. पॅड आणि डिस्क यांच्यात त्यामुळे फट राहते. पायडल चार-पाच वेळा मारून ती फट भरून घेतल्याशिवाय गाडी जागेवरून हलवली तर पहिल्या ब्रेकला पाय फळीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. नवख्या शागिर्दाला हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

पायडल ठीक असेल तर गिऱ्हाइकाला विचारावे. इथे घाई करू नये, कारण निम्मे निदान विचारण्यातच होते. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की पाय काढल्यावरही चालू राहतो? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दाबल्यावरच येत असेल तर दोष पॅड, डिस्क आणि त्यांच्यामधल्या घर्षणाचा. पाय काढल्यावर येत असेल आणि ब्रेकला हलकेच स्पर्श करताच बंद होत असेल, तर काहीतरी ढिले आहे, खुळखुळते आहे. सतत येत असेल आणि ब्रेकचा त्यावर काही परिणाम होत नसेल, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. गाडी डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर घूं घूं कमी-जास्त होत असेल तर तो संशय जवळजवळ पक्का समजावा. मग हेही विचारावे की आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर तालात येतो का, फक्त सकाळी गार गाडीला येतो का, की घाट उतरल्यावर तापलेल्या गाडीला. मागे घेताना येतो का. यानंतर स्वतः शेजारी बसून, काचा खाली करून, एखाद्या लांब भिंतीच्या कडेने सावकाश गाडी चालवायला लावावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचे चाक बोलते आहे ते कळते.

आता किंचाळण्याचा, म्हणजे बारीक लांब "कुंईं" असा आवाज घेऊ. निम्म्याहून अधिक तक्रारी याच्याच असतात. सारंगीवर गज ओढला की तार वाजते, ती का वाजते? गज तारेला पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. पॅड आणि डिस्क यांच्यात हेच होते. पॅड थरथरतो, त्याच्यामागचा कॅलिपर थरथरतो आणि लोखंडी डिस्क घंटेसारखी वाजू लागते. कंपने सेकंदाला हजारावर आणि कधी कधी दहा हजारांवरही जातात, म्हणून आवाज इतका टोकदार लागतो. ब्रेकची ताकद यामुळे सहसा कमी होत नाही. परंतु हे वाक्य गिऱ्हाइकाला सुनावून मोकळे होणाऱ्या मिस्त्रीशी आम्ही सहमत नाही. त्या आवाजाला बहुतेक वेळा सापडण्यासारखे कारण असते.

पहिले कारण म्हणजे पॅडच्या पाठीवरची पातळ पत्री, जिला शिम म्हणतात, ती जुन्या पॅडबरोबर भंगारात गेलेली असते. शिमचे कामच थरथर गिळण्याचे आहे. नव्या पॅडला ती चिकटवलेली नसेल तर जुनी नीट साफ करून बसवावी, वाकली असेल तर नवी आणावी. दुसरे कारण, पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथला गंज आणि वाळलेली माती. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती चाकात घट्ट बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी होते. तारेच्या ब्रशने खाच साफ न करता नवा पॅड हातोडीने ठोकून बसवला की तो सरकत नाही, तिरका दाबला जातो आणि ओरडतो. पॅड हाताच्या दाबाने खाचेत सरकला पाहिजे. हातोडी लागली तर समजावे की साफसफाई राहिली आहे.

तिसरे कारण ग्रीसचे. ब्रेकसाठी मिळणारे जास्त उष्णता सोसणारे ग्रीस पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन आणि कॅलिपर टेकतात तिथे, आणि कानांना बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावावे. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचा डागही लागता कामा नये. बेअरिंगचे साधे ग्रीस इथे वापरू नये, कारण ते तापून वितळते आणि वाहत डिस्कवर येते. शिवाय खनिज तेलाचे ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांनाही म्हणूनच सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीच असलेले ग्रीस लागते. चार पैसे वाचवण्यासाठी डब्यातले पिवळे ग्रीस लावणारे गॅरेज पुढच्या वर्षी जाम झालेला कॅलिपर स्वतःच तयार करून ठेवत असते.

आणि चौथे कारण, ज्याला उस्ताद लोक "पॅड बसणे" म्हणतात, तेच मुळी झालेले नसते. नव्या पॅडचा मसाला आणि जुन्या डिस्कची चरे पडलेली पाठ यांची ओळख व्हावी लागते. तापल्यावर पॅडच्या मसाल्याचा अगदी पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि मग ब्रेक गुळगुळीत, शांत लागतो. हे आपोआप होईल असे सोडून देऊ नये. पहाटे रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नाही हे पाहून, गाडी ५० ते ६० किलोमीटर वेगाला न्यावी आणि मध्यम दाबाने १५-२० पर्यंत आणावी. पूर्ण थांबवू नये. पुन्हा वेग घ्यावा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर गार होऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा करावे. शेवटी काही अंतर ब्रेक न वापरता चालवून गार करावे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी करून ठेवली तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना गाडी थरथरते. नंतरचे दोन-तीनशे किलोमीटर गिऱ्हाइकाने जोरात ब्रेक टाळावा. हे सर्व त्याला गाडी देतानाच सांगितले तर तो दोन दिवसांनी भांडायला येत नाही.

पॅड तापून काचेसारखा चकचकीत झाला असेल तर सपाट फळीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर तोंड हलके घासावे, चकाकी जाईल. मात्र ब्रेक ऑईल किंवा ग्रीस मुरलेला पॅड घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. तो टाकूनच द्यावा आणि तेल कोठून गळते ते आधी शोधावे.

रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा खरखर आवाज मात्र खरोखर निरुपद्रवी असतो. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज येतो आणि चार-सहा ब्रेकांत पुसला जातो. तसेच नव्या गाड्यांत एबीएस असते. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली कटकट आणि धडधड जाणवते, तो त्या यंत्रणेचा चालू असल्याचा आवाज आहे. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आहे. तेव्हा जुन्या गाड्यांची सवय असलेल्या चालकाला हे समजावून सांगावे, उगाच चाक खोलू नये.

दळणासारखा घरघराट असेल तर मात्र तेथेच गाडी थांबवावी. धातूवर धातू घासतो आहे असा त्याचा अर्थ. नवे पॅड टाकल्यानंतर लगेच असा आवाज येत असेल तर सर्वांत सोपी गोष्ट आधी पाहावी. डिस्कच्या मागे धूळ अडवणारी पातळ पत्र्याची ताटली असते. पाना किंवा हात लागून ती वाकते आणि डिस्कला घासते. बोटाने मागे केली की काम झाले. कधी तिच्यात आणि डिस्कमध्ये बारीक खडा अडकलेला असतो. गिट्टी उखडलेल्या आपल्या रस्त्यांवर हे नेहमीचेच आहे. त्यानंतर डिस्कची कडा पाहावी. जुना पॅड जिथवर पोहोचत नव्हता तिथे काठाला गंजलेली उंच कड राहते. नवा पॅड रुंदीला किंचित जास्त असेल तर त्या कडेवर चढतो. अशा वेळी डिस्क लेथवर घ्यावी लागते, पण तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते ती आधी वाचावी. व्हर्नियरने मोजून डिस्क त्याहून पातळ होणार असेल तर लेथवाल्याचे पैसे वाचवावेत आणि डिस्क बदलावी. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते.

आणखी एक चूक घडते, ती सांगायला संकोच वाटतो, पण घडते हे खरे. पॅड उलटा बसवला जातो, म्हणजे मसाला पिस्टनकडे आणि लोखंडी पाठ डिस्ककडे. घाईत, अंधारात, शागिर्दाच्या हातून. त्या गाडीचा आवाज फाटकापासून ऐकू येतो आणि डिस्क काही किलोमीटरांत वाया जाते. आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत, हीसुद्धा त्यातलीच धाकटी चूक. पुष्कळ पॅडांना एक वाकडी पत्री असते, जी पॅड संपत आला की डिस्कला टेकून किर्रर करते आणि मालकाला सावध करते. ती चुकीच्या जागी आली किंवा वाकली तर नवा पॅडही पहिल्या दिवसापासून "मी संपलो" म्हणून ओरडू लागतो. यावर उपाय सोपा आहे. खोलण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यासाठी तशीच राहते.

टकटक, खुळखुळ असा आवाज खड्ड्यातून जाताना येत असेल तर पॅड धरून ठेवणारी स्प्रिंग-पत्री राहिली आहे किंवा तिची ताकद गेली आहे. त्या पत्र्या पॅडबरोबर नव्याच टाकाव्यात. परंतु टकटक म्हटले की पत्रीच, असे धरून चालू नये. कॅलिपरचा बोल्ट ढिला राहिला असेल, किंवा चाकाचे नट नीट आवळले नसतील, तर आवाज असाच येतो आणि पुढचा प्रसंग फार वाईट असतो. नट नेहमी समोरासमोरचे, क्रमाने, चाक जमिनीला टेकवून शेवटचा आवळ द्यावा.

शर्र... शर्र... असा चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारा आवाज डिस्क वाकडी फिरत असल्याचे सांगतो. यात डिस्कचा दोष असतोच असे नाही. ती ज्या हबवर बसते तिथे गंजाची एक खपली राहिली तरी पुरते. मधल्या भागातली बारीकशी खपली काठाकडे जाईपर्यंत वाढून दिसते. बऱ्याच गाड्यांत एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडेपणा चालत नाही. डायल गेज असेल तर लावून पाहावे. नसेल तर निदान हब ब्रशने चकचकीत करून डिस्क बसवावी.

पॅड चिकटून राहण्याचा दोष आवाजाने थोडा आणि उष्णतेने जास्त कळतो. फेरी मारून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहावे, स्पर्श करू नये. एक बाजू भट्टीसारखी आणि दुसरी कोमट असेल तर तापलेल्या बाजूचा पिस्टन परतत नाही किंवा पिना जाम आहेत. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवावे. हलकीशी घासण चालते, जोर लावावा लागला तर चालत नाही. उतरवलेल्या जुन्या पॅडांनी खरे तर हे आधीच सांगितलेले असते. आतला पॅड पाठीपर्यंत संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, असे दिसले तर दोष पॅडचा नव्हता, कॅलिपरचा होता. म्हणून जुने पॅड फेकण्याआधी चारही ओळीने मांडून पाहावेत आणि गिऱ्हाइकालाही दाखवावेत.

बुलडाणा जिल्ह्यात हा दोष अधिक जपावा लागतो, कारण आपल्या गाड्या घाट उतरतात. मलकापूरकडे जाणारा राजूर घाट आहे, खामगावकडचा बोथ्याचा घाट आहे. सैलानीच्या यात्रेत तर जीपगाड्या भरभरून जातात. थोडा हिशेब करू. माणसांसह दीड हजार किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची केवळ ब्रेकवर उतरली, तर ब्रेकना जेवढी उष्णता गिळावी लागते ती हीच गाडी ६० च्या वेगातून सात वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. तीही गार व्हायला उसंत न मिळता. पॅड आधीच चिकटलेला असेल तर तो घाटाच्या मध्यावर जळका वास सोडतो, पकड सोडतो, आणि उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोहोचते. डॉट-३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे तेल हवेतले पाणी पिते आणि तो १४० पर्यंत घसरू शकतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पायडल रिकामा जातो. दोन वर्षांनी तेल बदलावे असे साधारणपणे सांगतात ते यासाठी. चालकाला दुसरा-तिसरा गिअर लावून घाट उतरायला सांगणे हेही मिस्त्रीच्या कामातच येते.

मागच्या चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांत आवाज मागचा आणि संशय पुढच्यावर, असेही होते. हँडब्रेक हलका ओढून सावकाश चालवल्यावर आवाज बदलला तर मागचे ड्रम उघडून धूळ काढावी. ही धूळ मात्र कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची बारीक तुसे फुप्फुसात बसून अनेक वर्षांनी कर्करोग करतात. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसावी आणि तोंडाला रुमाल नव्हे तर चांगला मास्क असावा. पोरवयात गॅरेजवर येणारे शागिर्द ही धूळ रोज खातात, याकडे आमच्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

आता धंद्याची बाजू. "पॅड बदलायला काय, दोन बोल्ट तर खोलायचे" असे गिऱ्हाईक म्हणते आणि मजुरी पाडते. मिस्त्रीही मग दोन बोल्टांचेच काम करतो, साफसफाई, पिना, ग्रीस सगळे गाळतो, आणि आवाजाची तक्रार घेऊन आलेली गाडी दुसऱ्यांदा फुकट खोलतो. म्हणजे खरी मजुरी त्याने स्वतःच्या खिशातून भरली. त्यापेक्षा साफसफाई आणि पिनांसह कामाचा एकच दर आधी सांगावा आणि तो का आहे हेही सांगावे. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. स्वस्त नकली डबा गिऱ्हाइकाने स्वतः आणला असेल तर बिलावर तसे लिहून द्यावे. बिल म्हणजे कटकट असे आपल्यातले पुष्कळ जण मानतात, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुरुस्ती करणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. पोटासाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही या कायद्याने ग्राहकच आहे, तो जिल्हा आयोगापुढे जाऊ शकतो. त्या वेळी तोंडी सांगितलेले उपयोगी पडत नाही. कोणता पॅड टाकला, डिस्कची जाडी किती भरली, गिऱ्हाइकाने काय करायला नकार दिला, किती किलोमीटरवर पुन्हा दाखवायला सांगितले, एवढे चार शब्द कार्बन कॉपीच्या पावतीवर पुरतात.

डिस्क फारच पातळ असेल आणि मालक ती बदलायला तयार नसेल तर नुसते पॅड टाकून देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती मजुरी त्या दिवशी सोडून द्यावी. जुने पॅड पुन्हा बसवून, पावतीवर कारण लिहून, गाडी परत करावी आणि ती घाटाला नेऊ नये असे मालकाला चार माणसांसमोर सांगावे.